चांगली आहे

चमचा उजवीकडून आला. तिचं तोंड सवयीनं डावीकडे वळलेलं होतं, त्यामुळे सूप हनुवटीवरून ओघळलं.

"सॉरी हं, मॅडम. कुठून भरवू?" नव्या संस्थेनं पाठवलेल्या बाईंचा आज पहिलाच दिवस होता. वेळेवर आल्या होत्या, हात स्वच्छ, आवाज मऊ.

"डावीकडून," ती म्हणाली... आणि तिला जाणवलं, हे असं सांगायची वेळ आधी सांभाळायला येणाऱ्या काकूंनी कधी आणलीच नव्हती. मानेखालचं हे निपचित शरीर काकूंना पाठ होतं. सुनेच्या कागाळ्या सांगत त्या भरवायच्या, स्वतःच्याच विनोदावर आधी हसायच्या—आणि उशिरा यायच्या, हेही खरंच. पण संस्था बदलली ती त्यांच्यामुळे नव्हे. काकू तापानं फणफणल्या त्या दिवशी जुन्या संस्थेनं बदली माणूस पाठवलंच नाही. संध्याकाळी दादा आला तेव्हा ती सकाळच्याच ओल्या चादरीत पडून होती. "आता पुरे झालं," तो म्हणाला. तिनंही मान हलवली. संस्था सोडायची म्हणजे काकूही सुटणार, हे दोघांनाही कळत होतं. बोललं मात्र कुणीच नाही. काकूंना दुसऱ्या घरचं काम मिळालं.

फोन वाजला.

"काकूंचा असेल. कानाशी धरता का जरा?"

"जेवलीस का गं?" काकूंच्या मागे कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं.

"जेवतेच आहे."

"नवी बाई कशी आहे?"

फोन धरलेली बोटं तिच्या गालाला लागत होती. साबणाचा वास. काकू, मला करमत नाही हो, तुम्ही या—सगळं ओठांवर आलं होतं. पण परक्या हातातल्या फोनवर ते बोलायचं कसं? आणि या बिचारीचं तरी काय चुकलं?

"चांगली आहे."

मग काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई. जीव भांड्यात पडला माझा." आवाज चिरकला होता. "ठेवते हं. आजोबा हाका मारतायत."

"थँक्यू, मॅडम," बाई फोन ठेवत म्हणाल्या. मनापासून खूश झाल्या होत्या. मग त्यांनी वाकून पाहिलं. "अगंबाई... डोळे पुसू का?"

"राहू दे."

त्या अवघडून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पाणी गालावरून कानाकडे सावकाश उतरत होतं, मध्येच थांबत होतं, आणि ती डोळे मिटून मनानं त्याच्या मागोमाग जात राहिली—निदान एवढं तरी माझं मला कळतंय... हे कुणाच्या हाती द्यायचं नाही, इतक्यात तरी नाही.