हवेचं बटण

खोटं बोलायला तोंडच लागतं असं कुणी सांगितलं? मुंगी दहा बोटांनी खोटं बोलत होती, आणि तेही भर वाद्यवृंदात बसून.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. गळ्यात अकॉर्डियन अडकवून ती पहिल्यांदा शेडमध्ये शिरली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "अरे, मुंगी साखरेचं पोतं घेऊन आली!" झालं. नाव चिकटलं ते चिकटलंच. बाईसुद्धा तिला मुंगीच म्हणायच्या. बाई म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्या. बंद पडलेल्या बस डेपोच्या शेडमध्ये त्यांनी शंभरेक पोरं गोळा केली होती, अर्धी धक्क्यावरची, अर्धी चढावरची. या दोन वस्त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भाषा वेगळी, प्रार्थना वेगळी, आणि मागच्या दंगलीनंतर तर पुलाच्या अलीकडचा माणूस पलीकडे केस कापायलाही जाईना. असल्यांची पोरं एका सुरात बसवायची म्हणजे बेडूक तराजूत तोलण्याचं काम. पण बाईंनी मनावर घेतलं होतं, आणि बाईंनी एकदा मनावर घेतलं की संपलं.

तालमीची सुरुवात ठरलेली असायची. सगळे गप्प बसायचे, ओबोवाला एकच सूर धरायचा आणि बाकीचे आपापलं वाद्य त्या सुराला मिळवून घ्यायचे. ओबो म्हणजे सनईची सडपातळ चुलत बहीण. तो वाजवणारा चढावरचा. पाठीत काठी घातल्यासारखा बसायचा, म्हणून सगळे त्याला ताठ्या म्हणत. पहिल्याच दिवशी मुंगीने सूर काढला आणि ताठ्या मान वळवून म्हणाला, "ही पेटी बेसूर आहे."

"बेसूर असेल तुझं..." पुढचं मुंगीने गिळलं, कारण बाई बघत होत्या. आणि खरं सांगायचं तर तिलाही ऐकू आलं होतं. तिची पेटी सगळ्यांपेक्षा केसभर खाली बोलत होती. व्हायोलिनची खुंटी पिळली की भागतं. अकॉर्डियनला कुठली आली खुंटी? आत पोलादी पत्त्यांच्या रांगाच रांगा. एकेक पत्ती कानसेने घासावी, तेव्हा कुठे सूर हलतो.

त्या पत्त्या मामाने घासल्या होत्या. धक्क्यावर मामा अकॉर्डियन दुरुस्त करायचा. ही पेटी त्याची स्वतःची. मुंगीची आई शिलाई मशीनवर बसून गायची, आणि सूर जरा वर गेला की तिचा गळा चिरकायचा. "गळा काही कानसेने घासता येत नाही," मामा सांगायचा, "म्हणून मग पेटी घासली." आता आई राहिली नव्हती आणि मामाचे हात थरथरायचे. पेटी पुन्हा वर चढवणं त्याच्याने झालं नसतं. आणि झालं असतं तरी मुंगीने कुठल्या तोंडाने सांगायचं?

तेव्हा तिने शक्कल लढवली. अकॉर्डियनला डाव्या अंगठ्यापाशी एक बटण असतं. ते दाबलं की भात्यातली हवा नुसती आत-बाहेर होते, आवाज शून्य. वाजवून झाल्यावर भाता मिटायची ती सोय. मुंगी तालीमभर ते बटण दाबून बसायची, आणि उजव्या हाताची बोटं न दाबता अशी झरझर फिरवायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. एवढ्या गदारोळात एक पेटी मुकी आहे हे कुणाच्या बापाला कळणार?

घोडं अडलं ते एका चालीपाशी. धक्क्यावरची जुनी चाल बाईंनी कार्यक्रमाच्या मधोमध घातली होती. तिथे बाकीच्यांनी हळूच सूर धरून ठेवायचा आणि वर एकट्या अकॉर्डियनने बोलायचं. त्या जागेपर्यंत तालीम आली की कधी मुंगीचं मनगट दुखायचं, कधी पेटीचा पट्टा निसटायचा. इकडे मामाचे पाय मात्र जमिनीवर नव्हते. कान मंदावल्यापासून तो ओरडूनच बोलायचा, त्यामुळे बातमी अख्ख्या गल्लीला पाठ झाली. "तुझी आई गायची ती चाल! तिच्यासाठी लावलेल्या पेटीवर! मी पहिल्या रांगेत बसणार, सांगून ठेवतो!" त्याने कोटसुद्धा इस्त्रीला टाकला. मुंगी रोज ठरवायची, आज सांगू. आणि रोज ते उद्यावर ढकलायची.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी सभागृहातच शेवटची तालीम झाली. ती चाल आली. "काय गं, आज मनगट काय म्हणतंय?" बाईंनी विचारलं. पळवाट उरली नव्हती. मुंगीने अंगठा उचलला आणि वाजवायला लागली. तिचा सूर आणि बाकीच्यांचा सूर यांच्यात असं काही किरकिरलं की बाईंनी लिंबू चावल्यासारखा चेहरा केला.

"थांबा, थांबा. पेटी उतरलीय तुझी. चढावरच्या शाळेत एक नवी अकॉर्डियन आहे, ती मागवू का?"

"तिला पियानोसारख्या पट्ट्या आहेत, बाई. माझी पेटी बटणांची, मला तीच येते."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "मग ही चाल क्लॅरिनेट वाजवेल. वाईट वाटून घेऊ नकोस हं."

क्लॅरिनेटवाली चढावरची. लगेच मागून धक्क्यावरचा एक ढोलवाला पुटपुटला, "घ्या! आमची चाल, तीसुद्धा गेली यांच्या घशात." पलीकडून उत्तर आलं, "तुम्हाला वाजवता येईना, त्याला आम्ही काय करणार?" खुर्च्या करकरल्या. आता हे सगळं आपल्यामुळे पेटणार, हे मुंगीला दिसलं आणि ती उभी राहिली.

"बाई, चाल खुशाल क्लॅरिनेटला द्या. पण मी इतके दिवस वाजवलंच नाही. हवेचं बटण दाबून बसायचे. पेटी माझ्या मामाने आईच्या गळ्याला लावलीय. ती वर येत नाही. मामा आज पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि मी त्याला काहीच सांगितलेलं नाही." एवढं बोलून ती ढसाढसा रडली.

मग पुढून ताठ्याचा आवाज आला. "मला माहीत होतं. तालीमभर हिच्या भात्याचा वारा माझ्या मानेवर येतो. सर्दी झाली मला."

सगळे फिस्सकन हसले. ताठ्या हसला नाही. त्याने खिशातून एक डबी काढली. ओबोच्या टोकाला फुंकायची बोरूची रीड असते आणि ओबोवाले ती स्वतःच्या हाताने तासून करतात. "ही मी जरा लांब बनवलीय. लांब रीडने ओबो खाली येतो. तिच्या पेटीपर्यंत येतो का ते घरी करून बघितलं. येतो." त्याचे कान लाल झाले. "पहिल्या दिवशी मी बेसूर म्हणालो. बेसूर नाहीये ती. खाली आहे. दोन्हींत फरक असतो."

"म्हणजे एका पेटीसाठी आम्ही सगळ्यांनी उतरायचं?" ट्रंपेटवाला उसळला.

"पियानो असला की आपण काय करतो रे?" बाईंनी त्याला विचारलं.

"पियानोला मिळवून घेतो."

"का?"

"तो हलत नाही म्हणून."

"मग ही तरी कुठे हलतेय? आणि हे मला सुचू नये! माझ्यासारखी गाढव मीच." बाईंनी कपाळावर हात मारला. "ताठ्या, दे सूर."

"मी नाही, बाई. तिने द्यायचा."

पुढचा तासभर नुसता गोंधळ. बासरीवाल्या कुरकुरल्या, ट्रंपेटवाल्याने तोंड वाकडं करत सूर उतरवायला नळी बाहेर ओढली, ढोलवाल्याने "जमतंय की!" म्हणून त्याच्या पाठीत धपका घातला. मुंगी तोच एक सूर पुन्हा पुन्हा देत राहिली.

संध्याकाळी सभागृह भरलं. धक्क्याची माणसं एका बाजूला, चढाची दुसऱ्या. मामाला पहिली रांगच हवी होती आणि तिथे एकच खुर्ची रिकामी होती, तीही चढावरच्या एका बाईच्या शेजारी. कडक इस्त्रीच्या कोटात तो अंग चोरून बसला.

दिवे मंद झाले. सगळे गप्प झाले. ताठ्याने मागे वळून मुंगीला मान हलवून खूण केली. मुंगीने अंगठा बटणापासून लांब ठेवला, भाता ओढला आणि सूर धरला. त्यात हळूच ओबो येऊन मिळाला, मग व्हायोलिनं, मग बासऱ्या, ट्रंपेट, मागची माणसाएवढी उंच बास व्हायोलिनं, सगळे येत गेले, त्या एका सुरावर उभे राहिले.

मामाने कानामागे धरलेला हात खाली घेतला. सूर ओळखायला त्याला हाताची गरज नव्हती. त्याने स्वतः कानसेने एकेक पत्ती घासून बहिणीसाठी शोधलेला तो सूर, आणि आता धक्का आणि चढ मिळून तोच वाजवत होते. त्याचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

सूर थांबला. शेजारच्या बाईने गडबडून आपला रुमाल पुढे केला. "अहो काका, अजून सुरू व्हायचंय."

मामा आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल असं, म्हणाला, "माझं ऐकून झालं, ताई. आता तुमचं होऊ द्या!"

सभागृहाच्या दोन्ही बाजू एकदम हसल्या, आणि बाईंनी हात वर केला.