हिरवा उजेड

“‘आणि ज्यांच्या हातांशिवाय हे मोजमाप झालंच नसतं, ते...’ पुढे तुमचं नाव. चालेल ना?” शोधनिबंधाच्या शेवटच्या पानावरचे आभार वाचून बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

वर्खवाले नुसते हसले. एकतीस वर्षं ते या प्रयोगशाळेत सोन्याचे पापुद्रे करत होते, म्हणून हे टोपणनाव. खरं नाव हजेरीपटापलीकडे कुठे गेलंच नव्हतं. पापुद्रा पाण्यावर तरंगवायचा आणि छोट्या चौकटीवर अलगद उचलून घ्यायचा. मग यंत्रातून जड आयनांचा झोत त्यावर आदळे आणि बाई निघणारे क्ष-किरण मोजत. सहा वर्षं त्यांनी यात घातली होती. यंदा पाचव्या चौकटीवर सगळ्यात जड आयन सोडले, तर किरण अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट निघाले. तेव्हापासून बाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आपलं नाव छापून येणार, हे वर्खवाल्यांनी बायकोला आधीच सांगून टाकलं होतं. “छापून आल्याशिवाय मी कुणाला सांगायची नाही,” असं म्हणून ती शेजारणीकडे सांगून आली होती.

चौकटी पेटीत ठेवताना त्यांनी सवयीने एकेक दिव्यापुढे धरली. इतक्या पातळ सोन्यातून उजेड हिरवा दिसतो. चार चौकटी हिरव्या दिसल्या. पाचवी काळपट होती.

या चौकटी करताना पाण्यावर सहा तुकडे सोडले होते, हाती पाच लागले. सहावा बुडाला असं ते धरून चालले. तो पाचव्यालाच चिकटून वर आला होता. तेव्हा दिव्यापुढे धरून बघितलं होतं, पण डोळ्यांना सगळंच धुरकट दिसत होतं. मोतीबिंदू कळला तर हे काम जाईल म्हणून ते गप्प बसले. गेल्या महिन्यात रजा काढून गुपचूप शस्त्रक्रिया करून आले.

पेटीचं झाकण लावलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांना तसं करावंसं वाटलंही. बराच वेळ ते झाकणावर हात ठेवून उभे राहिले. मग चौकट घेऊन बाईंकडे गेले.

बाईंनी ती खिडकीकडे धरली.

“सोनं दुप्पट. म्हणजे आकडा निम्मा करायचा.”

“हो.”

“मग जुनाच आकडा येतो.” बाई खाली बसल्या. “कधीपासून दिसत नव्हतं?”

“वर्षभर. सांगायची भीती वाटली, बाई.”

“भीती मलाही वाटायला हवी होती. दुप्पट आकडा आला आणि मी दुसरी चौकट मागितली नाही. मला तोच हवा होता.”

त्यांनी निबंधाचे कागद मधोमध फाडले आणि टोपलीत टाकले. वर्खवाले दाराकडे वळले. घरी काय सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

टोपलीत शेवटचं पान वरच पडलं होतं. डोळे आता चांगले झाले होते. आपलं नाव त्यांना उभ्या उभ्या वाचता आलं.