घड्याळामागचा खिळा

पाचव्या खेळाडूने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, कंट्रोलर दोन्ही हातांत धरला आणि अंगठे बरोबर जागेवर ठेवले. काचेच्या अलीकडे बसलेला मोजपट्टी खूश झाला. एकाच बाजूने दिसणाऱ्या त्या काचेआडून त्याने शेकडो लोकांना खेळताना पाहिलं होतं, आणि साठीच्या पुढच्या माणसाने कंट्रोलर उलटा धरला नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"ताई, काका तर पोचलेले दिसतात."

"तीस वर्षं क्रेन चालवली आहे त्यांनी," त्याच्या शेजारी बसलेली ती म्हणाली.

मोजपट्टीचं खरं नाव कंपनीत कुणी घेत नसे. खेळाडू कुठे किती वेळ थांबला, कितीदा मागे वळला, हे मोजणं त्याचं काम, म्हणून मोजपट्टी. ती व्हिडिओ गेमची डिझायनर. तिने उभारलेल्या खोल्या, जिने आणि दारं हा माणूस मोजायचा. आज पाळी होती गेममधल्या तिसऱ्या टप्प्याची, एका घराची. कंपनीचा नियम साधा होता. पाच जणांना खेळायला बसवायचं. कुणी एका जागी पाच मिनिटांहून जास्त वेळ नुसता उभा राहिला, तर तो अडकला असं लिहायचं. पाचांतले तीन अडकले तर तो भाग काढून टाकायचा, मग तो कुणी का केला असेना. आधीच्या चौघांतले दोघे अडकले होते आणि दोघे मागच्या खिडकीतून उडी मारून पुढच्या टप्प्यात पळाले होते. तीन वर्षांचं काम आता पाचव्या माणसावर येऊन ठेपलं होतं, आणि तो पाचवा माणूस म्हणजे तिचे बाबा.

घरची माणसं चाचणीला चालत नाहीत. पण पाचांत एक साठीपुढचा लागायचा आणि तसा खेळाडू काही केल्या मिळेना, तेव्हा तिनेच बाबांचं नाव सुचवलं. ताईने अडचण भागवली, असं मोजपट्टीला वाटलं. खरं सांगायचं तर ते घर तिने एकाच खेळाडूसाठी बांधलं होतं, आणि त्याला या खुर्चीत बसवायची संधी ती तीन वर्षं शोधत होती.

खेळ सुरू झाला की काचेमागच्या डिझायनरने चकार शब्द काढायचा नाही, हा दुसरा नियम. मागे एकदा एक जण न राहवून "डावीकडे, डावीकडे" असं ओरडला होता, आणि भिंत बोलली म्हणून खेळणाऱ्या बाई चप्पल न घालताच निघून गेल्या होत्या. तेव्हापासून हाताची घडी, तोंडावर बोट.

गेममधली नजर आठ वर्षांच्या मुलीच्या उंचीवर होती. बाबा घरात शिरले. तिने भिंतींचा रंग बदलला होता, उजवीकडचा जिना डावीकडे नेला होता, खिडक्यांना पडदे लावले होते. तरी बैठकीच्या खोलीत येऊन बाबा थबकले. मग सरळ भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले. स्टूल ओढलं, घड्याळ बाजूला सरकवलं आणि मागच्या खिळ्यावरची किल्ली काढली.

"अकरा सेकंद," मोजपट्टी कुजबुजला. "चौघांनी घर पालथं घातलं ताई, काखेत कळसा नि गावाला वळसा. आणि काकांना अकरा सेकंद."

तिने पेनाचं टोपण दातांत धरलं होतं.

किल्ली घेऊन बाबा जिन्याखालच्या खोलीपाशी आले. दाराला कुलूप होतं, मुलीच्या नजरेपेक्षा जरा वर. तिथे उभं राहिलं की आतून कुणी एका बोटाने टकटक केल्यासारखा आवाज यायचा. तीनदा यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा तीनदा. तिने तो आपल्याच टेबलावर बोट आपटून रेकॉर्ड केला होता. आधीच्या चौघांना तो पाण्याच्या पाइपचा वाटला. एकाने तर फॉर्मवर लिहूनही दिलं, पाइप दुरुस्त करून घ्या म्हणून.

बाबा उभे राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. अंगठे हलले नाहीत.

"किल्ली हातात, कुलूप समोर," मोजपट्टी हळूच म्हणाला. "मग घोडं पेंड कुठे खातंय?"

बाबा पाळीवर जाताना आईला त्या खोलीत ठेवून जायचे. आईचं भान सुटायचं आणि ती भर रस्त्यातून चालत सुटायची, हे खरं होतं. तेव्हा आठ वर्षांची असलेली ती शाळेतून आली की त्या दाराला पाठ टेकून गृहपाठ करायची. बाबा आले की कुलूप निघायचं, जेवणं व्हायची, आणि कुणी काही बोलायचं नाही. आई जाऊन वीस वर्षं झाली तरी कुणी बोललं नव्हतं. म्हणून तिने घर बांधलं. बाबांनी एकदा त्या दारासमोर तिच्या उंचीवरून उभं राहावं आणि आपल्या हाताने ते उघडावं. उघडलं तर ती त्यांना माफ करणार होती. माणूस तीन वर्षं एखाद्या गोष्टीच्या मागे लागतो तेव्हा ती इतकीच साधी असते.

नवव्या मिनिटाला बाबांनी हेडफोन काढला, कंट्रोलर टेबलाच्या कडेला समांतर ठेवला आणि फॉर्म भरायला घेतला. 'कोणता भाग आवडला नाही' या प्रश्नापुढे त्यांनी कामाच्या वहीत लिहावं तशा सुबक अक्षरात लिहिलं: घर. काढून टाकावे.

ती त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेली. लिफ्टचं बटण दाबून बाबा दाराकडेच बघत राहिले.

"किल्ली तिथे असते, हे तुला कधी कळलं?"

"आठ वर्षांची होते. स्टुलावर चढून बघितली होती."

"मी पाळीवर गेल्यावर?"

"हो."

बाबांनी मान हलवली. त्यांचा आवाज शांत होता. सैल राहिलेल्या बोल्टबद्दल एखाद्या कामगाराला विचारावं, तसं त्यांनी विचारलं,

"मग उघडलं का नाहीस?"

बाबा चिडतील, रडतील, तुझी आई रस्त्यावर जायची म्हणतील, या सगळ्याला तिच्याकडे उत्तरं तयार होती. लिफ्ट आली. "तू ये सावकाश," असं म्हणून बाबा गेले.

ती परतली तेव्हा मोजपट्टी तक्ता उघडून बसला होता.

"ताई, काका खरंच अडकले, की मुद्दाम उभे होते? तुला बोलले असतील ना. मुद्दाम असेल तर मी धरत नाही. घर वाचेल."

"अडकले," ती म्हणाली. "लिही."

त्याने लिहिलं. त्याला वाईट वाटलं, आणि ते लपवायला तो जास्तच बोलू लागला. ज्याने बांधलं त्यानेच पाडायचं, हा कंपनीचा तिसरा नियम. पाडायच्या आधी निदान त्या खोलीत काय आहे ते तरी दाखव, असा त्याने हट्ट धरला. तिने कंट्रोलर घेतला, किल्ली काढली आणि दार उघडलं.

आत चार करड्या भिंती होत्या. खिडकी नाही, वस्तू नाही, जमिनीला रंगही नाही. संगणक कोरी खोली देतो, तशीच ती होती.

"अगं, इथे तर तू काहीच केलं नाहीस. काकांनी उघडलं असतं तर?"

"वेळ मिळाला नाही."

घड्याळाच्या काट्यांचा आकार तिने चारदा बदलला होता, हे मोजपट्टीला माहीत होतं. चहा आणतो म्हणून तो बाहेर गेला.

तिने दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, स्टुलावर चढून किल्ली घड्याळामागच्या खिळ्याला अडकवली. घड्याळ सरळ केलं, स्टूल होतं तिथे नेऊन ठेवलं, आणि मग घर पुसून टाकलं.