सातवा खांब

दिघीच्या खाडीत वाळूच्या पट्ट्यांमधली वाट बिनचूक जाणणारा माणूस एकच, बुधाजी. तो कुणाचा नोकर नव्हता. ओहोटीला मचवा आत आणायचा असला की तांडेल त्याला हाक मारायचे. हा पुढल्या टोकाला उभा राहून वाट दाखवायचा नि दिलेले तांदूळ घेऊन घरी जायचा.

बंदरावरच्या शेठने मोटारलाँच आणली, तेव्हा पहिलं बोलावणं बुधाजीलाच आलं. महिन्याचा पगार कबूल केला. पण मिजास केवढी!

"मी कुनाच्या दारचा गडी नाय, शेठ. बोलवा, काम सांगा, करून मोकला."

शेठ चिडला नाही. मग एकदाच वाटेवर खांब रोवून द्या, असं गोड बोलला. घरी येसूबाईने कपाळाला हात लावला. खांब दिसले की तुम्हाला कोण विचारील, म्हणाली. ह्याने तिलाच झापलं. आपली वाट आता सगळी खाडी बघणार, या फुशारकीत गड्याने चार ओहोट्या छातीभर पाण्यात उभं राहून बारा खांब ठोकले.

झालं! लाँचच्या सुकाणूवर पगारी सदा बसला. मचवेवालेही खांब बघून फुकटात ये-जा करू लागले. बुधाजीला कुणी हाक मारीना.

पावसाचा जोर ओसरला. बुधाजीने बघितलं, तर वाळू सरकली होती, सातवा खांब उथळात आला होता. त्याला मनातून बरं वाटलं. लाँच एकदा रुतू दे, मग शेठ येईल पाया पडत. त्याने कुणाला सांगितलं नाही.

पावसात बंद ठेवलेली लाँच नारळी पुनवेनंतर पुन्हा सुटली. ओहोटीची ओढ जबर होती, आगरदांड्याहून येणाऱ्या बायकापोरांनी लाँच गच्च भरलेली. या ओढीत ती वाळूवर चढली की आडवीच होणार. सदा सरळ सातव्या खांबाकडे निघाला. बुधाजी धक्क्यावर दात आवळून बसला. बसवेना. शिव्या घालीत पाण्यात घुसला, वाळूवरून धावत खऱ्या वाटेच्या कडेला जाऊन उभा राहिला, गळ्यापर्यंत पाण्यात, दोन्ही हात वर करून.

सदाने लाँच वळवली. बुधाजीच्या अंगावर लाट मारून ती सुखरूप निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सदा होडी घेऊन आला. त्याने सातवा खांब उपटला आणि काल बुधाजी उभा होता, बरोबर तिथे ठोकला.

बुधाजीला कुणी बोलावलं नाही.