दुपारी दोनचा चार्ज

"बेड नंबर एक," सिस्टर म्हणाली आणि तिनं गॅसच्या शेगडीवर हात ठेवला. "पेशंट जुना. डावा बर्नर हट्टी आहे, दोनदा काडी ओढावी लागते. झोपण्याआधी खालचा कॉक बंद. लिहा."

मीटरवाल्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "ताप आहे का गं पेशंटला?"

"तुम्ही दूध ठेवून पेपर वाचत बसलात की चढतो."

सकाळीच दूध उतू गेलं होतं. ओट्यावर अजून त्याचा करपट वास होता. मीटरवाले हसले आणि वहीत लिहिलं, 'दूध – नजर'.

सुट्टीची कल्पना सिस्टरचीच. डॉक्टर तिला म्हणाले होते, "या सलाइननी अंग फार थकलंय. एक आठवडा घरी सुट्टी घ्या. पुढच्या सोमवारी नऊला या, परत सुरू करू." दवाखान्यातून परतताना ती म्हणाली, "मग सुट्टीसारखी सुट्टी घेऊ या. आपल्याला दोघांना एकाच वेळी रजा मिळालीय कधी?"

खरंच मिळाली नव्हती. ती चौतीस वर्षं वॉर्डात पाळ्या करायची आणि ते सकाळी सातपासून लोकांच्या घरची विजेची मीटरं वाचत हिंडायचे. दोघांची भेट बहुतेक जिन्यात व्हायची. लेक त्या जिन्यातच वाढली, हिच्या कडेवरून त्यांच्या कडेवर. देताना सिस्टर एका दमात सांगायची, "दूध प्यायलीय, ढेकर काढलाय, झोप राहिलीय." ते "घेतली" म्हणाले की मगच तिचे हात सुटायचे. वॉर्डातही तसंच होतं. पाळी संपली की एकेका बेडपाशी उभं राहून पुढच्या नर्सला चार्ज द्यायचा. ती "घेतला" म्हणेपर्यंत जायचं नाही.

तर या सुट्टीत मीटरवाले झाले हॉटेलचे वेटर. सिस्टर पलंगावरून चहाची ऑर्डर द्यायची आणि चहा आला की विचारायची, "हा चहा आहे की कपाची आंघोळ?" आणि रोज दुपारी दोन वाजता ती जुनं नर्सचं घड्याळ खांद्याशी टाचून उठायची आणि भिंतीला धरत धरत घराचा चार्ज द्यायची. गावातल्या कुठल्याही घरात अंधारात मीटर शोधून काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात मीठ सापडत नव्हतं. म्हणून हा खेळ, असं ती म्हणाली होती.

बुधवारी खिडकीतल्या कुंडीचा नंबर आला. "एक दिवसाआड अर्धा तांब्या. जास्त नको. तुमचा जीव लागला की तुम्ही ओतत बसता आणि मूळ कुजतं." तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"काय म्हणते सुट्टी?"

"हॉटेल बरंय. वेटर म्हातारा आहे, पण बोलतो गोड."

मागे नात रडत होती. "जा, तिला घे आधी," म्हणत सिस्टरनं फोन ठेवला. लेक परगावी होती. तिच्याशी बोलताना फोन नेहमी आईच आधी ठेवायची.

गुरुवारी कपाट उघडलं.

"बेड नंबर सात. वरचा कप्पा लेकीचा. निळी शाल तिला हवीच होती, मागायला लाजते. खालचा कप्पा देऊन टाकायचा. आठवड्याच्या आत द्या. पडून राहिलं की कपड्यांना माणसाचा वास टिकतो, मग तुमच्यानं होणार नाही."

पेन्सिल थांबली. मीटरवाल्यांनी मागची पानं उलटली. शेगडी. पाण्याची टाकी. किल्ल्या. नातीच्या बुटांचं माप. सगळं त्यांच्याच अक्षरात होतं.

"सोमवारी नऊला जायचंय ना?"

ती कप्प्यातली घडी पुन्हा घालत राहिली. "मी नाही जायची."

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर पोरगा आहे हो. त्याला 'आता पुरे' म्हणता येत नाही. मी पाहिलंय ना, शेवटच्या सलाइनमध्ये माणसं कशी जातात ते. घरचे बाहेर बाकावर बसलेले असतात आणि आत आम्ही शीर शोधत असतो."

"म्हणजे तू मला चार दिवस खेळवलंस."

"खेळवलं नाही. शिकवलं."

कुणाच्या दाराला कुलूप असलं तर मीटरवाले रीडिंगच्या रकान्यात 'कुलूप' लिहायचे आणि पुढच्या घरी जायचे. त्यांनी वहीत बेड नंबर सातपुढे तेच लिहिलं.

"देणारी कितीही बोलली तरी घेणाऱ्यानं 'घेतला' म्हणायला लागतं ना?"

"लागतं."

"मग मी घेत नाही."

लेक दोन वर्षांची असताना एकदा वादळात रस्ते बंद झाले होते. पुढच्या पाळीची नर्स आलीच नाही. सिस्टर सव्वीस तास वॉर्डात उभी होती. मीटरवाले लेकीला खांद्यावर घेऊन फाटकाशी गेले तर तिनं खिडकीतूनच सांगितलं, "माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही." आज मीटरवाल्यांनी ते वाक्य घट्ट धरलं. घेणारा आलाच नाही तर ही जाणार कशी? एकाहत्तराव्या वर्षी असलं काही मनात येतं याची त्यांना लाज वाटली, पण त्यांनी ते सोडलं नाही.

शुक्रवारी त्यांनी चहा केला नाही. शेगडीला हात लावला नाही. पेपर तोंडासमोर धरून बसले. सिस्टर उठली आणि तिनंच चहा केला, भात टाकला, दोघांची ताटं घासली. एका ताटाला तिला पाच मिनिटं लागली.

शनिवारी ते स्वयंपाकघराच्या दारात आले तेव्हा ती ओट्याची कड धरून उभी होती. पाय सुजून टाचा चपलेबाहेर आल्या होत्या. सव्वीस तासांनी घरी आली तेव्हाही पाय असेच होते. तेव्हा त्यांनी गरम पाण्याची बादली आणली होती.

त्यांनी खुर्ची आणून तिच्यामागे ठेवली. "बस."

"ड्युटीवर बसत नाहीत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं दुसरं ताट घेतलं.

मीटरवाले चपला न घालताच बाहेर पडले. जिन्याखाली मीटर होतं. इतकी वर्षं गावाची रीडिंगं घेतली, पण स्वतःच्या मीटरपुढे ते असे कधी उभे राहिले नव्हते. घरात कसलासा एखादाच दिवा चालू असावा. काचेआड चक्र सावकाश फिरत होतं. त्याची लाल खूण पलीकडे जायची, बराच वेळ दिसायचीच नाही, मग परत यायची. ती परत येईपर्यंत ते दर वेळी श्वास धरून थांबत होते.

रविवारी दोन वाजता ते वही घेऊन पलंगाशी उभे राहिले.

"राहिलेले बेड सांग."

सिस्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. खांद्याशी घड्याळ होतंच. ती उठायला लागली, त्यांनी हातानं थांबवलं. "इथूनच सांग."

"सोमवारी सकाळी दवाखान्यात फोन करायचा. बेड दुसऱ्याला द्या म्हणायचं. कुणीतरी बाहेर बाकावर ताटकळत असेल. दुपारी लेकीला फोन. नात झोपलेली असताना करा, म्हणजे लेकीला रडता येईल. तुम्हीच सांगा. मला जमायचं नाही."

ते लिहीत होते. अक्षर मीटरच्या आकड्यांसारखं सुटं सुटं पडत होतं.

"आणि बेड नंबर बारा." तिनं आपल्या उशीवर हात ठेवला. "बाई. वय अडुसष्ट. पहाटे कळ येते, सांगत नाही. गोळी टेबलाच्या खणात, तिनं नाही म्हटलं तरी द्यायची. केसांपर्यंत हात जात नाही, विंचरून द्यावे लागतात. पाण्याला नको म्हणाली की चमच्यानं ओठ ओले करायचे, जबरदस्ती नाही. सलाइन नाही. पेशंट शांत आहे. नातेवाईक जरा हट्टी आहेत."

मीटरवाल्यांनी शेवटची ओळ लिहिली. मग पान मागे उलटून 'कुलूप' खोडलं आणि तिथं 'वरचा लेकीचा, खालचा देणे' असं लिहिलं. पेन्सिल कानामागे ठेवायला गेले ती खाली पडली. ती तशीच राहू दिली.

"घेतला," ते म्हणाले.

"काय?"

"चार्ज. घेतला."

सिस्टरनं घड्याळ काढायचा प्रयत्न केला. टाचणीवर बोटं चालेनात. त्यांनीच ते सोडवलं आणि आपल्या शर्टाच्या खिशाला लावलं. तिनं पाय वर घेतले. त्यांनी चादर ओढली, तशी ती भिंतीकडे कुशीला वळली. लग्नापासून ती दाराकडे तोंड करून झोपत आली होती, कुणी हाक मारली तर उठायला सोपं पडावं म्हणून.

मीटरवाले स्वयंपाकघरात गेले. डावा बर्नर दुसऱ्या काडीला पेटला. त्यांनी दूध ठेवलं आणि पातेल्यापाशीच उभे राहिले. एरवी एवढ्यात आतून हाक यायची, "अहो, दुधाकडे लक्ष आहे ना?" त्यांनी कान दिला. हाक आली नाही. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. दूध कडेनं हलायला लागलं, साय वर आली, फुगली. त्यांनी वेळेवर गॅस बारीक केला आणि नजर न काढता उभे राहिले.