तिरकी सुई

टोचणबाईंचं खरं नाव सरकारी कागदांशिवाय कुठेच उरलं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी आरोग्य खात्यात लस टोचायचं काम केलं. गल्लीतली पोरं त्यांना पाहिलं की दंड झाकून पळायची, त्यातून हे नाव पडलं. पुढे त्या निवृत्त झाल्या, चौऱ्याहत्तरी गाठली, तरी ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

टपाल तिकिटांचा नादही त्यांना खात्यातच लागला. कचेरीत देशोदेशीची पाकिटं यायची. कारकून आतलं पत्र काढून पाकीट टोपलीत भिरकावायचा आणि बाई ते गुपचूप पिशवीत टाकायच्या. घरी कोमट पाण्यात भिजवायचं, तिकीट अलगद सुटलं की टिपकागदात दाबून ठेवायचं. अशा साठलेल्या तिकिटांतून त्यांनी वैद्यकाचा अख्खा इतिहास सोळा पानांवर मांडला होता. खलात मुळ्या कुटणारा म्हातारा वैद्य, गवळणीच्या हातावरचे फोड निरखणारा डॉक्टर, पहिला सूक्ष्मदर्शक, पंख पसरून बसलेला डास. प्रत्येक तिकिटाखाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात दोन ओळी.

तिकीट मंडळाच्या प्रदर्शनात ती सोळा पानं लागली आणि पहिल्याच सकाळी मुख्य परीक्षक अकराव्या पानापाशी अडले.

हे परीक्षक म्हणजे एक निवृत्त सर्जन. तिकिटांच्या जगात त्यांचा शब्द खाली पडत नसे. अकराव्या पानावर कुठल्याशा बेटावरच्या देशाचं देखणं तिकीट होतं. पांढऱ्या कोटातला डॉक्टर एका मुलीला देवी टोचतोय, हातात दोन टोकांची सुई, लेखणी धरावी तशी तिरकी. खाली बाईंनी लिहिलं होतं: 'चित्र सुंदर, पण चूक. ही सुई अशी धरली तर लस लागत नाही.'

"हे कोणी लिहिलं?" डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मी."

"बाई, सुई अशी तिरकी धरूनच टोचतात. मी कॉलेजात असंच शिकलोय."

"तुम्ही शिकलात ती जुनी सुई, साहेब. ही दोन टोकांची. ही उभी धरायची, मनगट दंडावर टेकवायचं आणि एकाच जागी पंधरा वेळा टोचायचं, भराभर. रक्ताचा ठिपका दिसला पाहिजे."

"पुस्तकाचा आधार?"

"पुस्तक नाही. हात आहेत." बाईंनी दोन्ही हात पुढे केले.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांचे कान तांबडे झाले. "उद्या दुपारपर्यंत ती ओळ काढा. नाहीतर पान उतरवू. नियम सगळ्यांना सारखे."

संध्याकाळी मंडळाचे सचिव घरी आले. काडीसारखा माणूस, सदा काळजीत. बरोबर नवी चिठ्ठी टाईप करून आणली होती: 'देवीची लस टोचताना डॉक्टर.' "नुसती वरून चिकटवा, बाई. त्यांच्याशी वाकडं घेऊन मंडळ चालायचं नाही हो."

सूनबाई चहा घेऊन आल्या. त्यांनाही सचिवांची दया आली. "अहो आई, एका ओळीसाठी कशाला एवढं ताणायचं? कोण वाचतंय?"

बाईंनी कप हातातही घेतला नाही.

"मी वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "ओळ नव्हे, चित्र. नोकरीचा पहिला महिना. नवी सुई आली, पण कचेरीच्या भिंतीवरचं चित्र जुन्या सुईचंच राहिलं. शिकवायला कोणाला वेळ नव्हता. मी त्या चित्रावरून शिकले. वीटभट्टीच्या वस्तीत एका दिवसात तेवीस पोरांना टोचलं. तिरकं. आठवड्यानं बघायला जायचं असतं, लस लागली की नाही ते. मी गेलेच नाही. कागदावर 'झालं' लिहून पुढच्या वस्तीत गेले."

सूनबाई ट्रे तसाच धरून उभ्या राहिल्या.

"महिन्यानं तिथे साथ आली. एका घरातली दोन लेकरं गेली. बहीण-भाऊ. त्यांची आई मला बघून काय म्हणाली असेल? म्हणाली, 'बाई, तुम्ही तरी आला होतात.' माझे आभार मानले गं तिनं. बावन्न वर्षं झाली. कोणाला सांगितलं नाही. पण चुकीचं चित्र माझ्या हातानं भिंतीवर लावून खाली गप्प राहायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही."

सचिवांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बाई लवकर पोचल्या. त्यांनी जुनी ओळ खरंच काढली. त्या जागी नवा मजकूर लावला, चांगला आठ ओळींचा: भिंतीवरचं चित्र, वीटभट्टी, तेवीस पोरं, दोन मरणं. शेवटी स्वतःची सही.

डॉक्टरांनी तो उभ्या उभ्या वाचला. मग पुन्हा वाचला. "म्हणजे चूक तुमची होती."

"माझी होती. म्हणूनच ओळखता आली."

"हे प्रदर्शन आहे, बाई. कबुलीजबाब द्यायची जागा नव्हे." त्यांनी सचिवांकडे पाहिलं. "उतरवा."

सचिवांनी पान उतरवलं. बाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं, छातीशी धरलं आणि रिकाम्या चौकोनाशेजारी उभ्या राहिल्या. "पान लावायचा नियम तुमचा. उभं राहायला नियम आहे का?"

तसा काही नियम निघाला नाही.

मग काय, लोक आपोआप थांबायला लागले. 'इथलं पान कुठे गेलं?' असं जो विचारेल त्याला बाई पान दाखवायच्या, पेन उभं धरून मनगट स्वतःच्या दंडावर टेकवायच्या आणि पंधरापर्यंत मोजायच्या. एका शाळेच्या मास्तरीणबाईंनी सगळा वर्गच आणून उभा केला. साठीच्या एका ड्रायव्हरनं बाही वर करून आपला वण दाखवला. "लागली होती की हो मला!" "लागणारच. ज्यानं टोचलं त्याला टोचता येत होतं," बाई म्हणाल्या. दुपारी पाय भरून आले तेव्हा कोणीतरी मागे खुर्ची सरकवली. बघतात तर सूनबाई. अर्धी रजा टाकून आल्या होत्या.

डॉक्टर दोनदा तिथून गेले. दुसऱ्या खेपेला गर्दीच्या मागे जरा थांबले. पण निर्णय बदलला नाही. निकालात बाईंना नुसतं सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. वर शेरा: 'मजकुरास आधार नाही.'

बाईंनी तो शेरा मोठ्यानं वाचला, कागद सूनबाईंच्या हातात दिला आणि थेट सचिवांच्या टेबलाशी गेल्या.

"पुढच्या वर्षीचा अर्ज द्या."

"आत्ताच?"

"मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. थांबू कशाला?"

विषयाच्या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं: 'चुकलेल्या तिकिटांतून वैद्यकाचा इतिहास.'

सचिवांनी वाचलं आणि डोक्याला हात लावला. "बाई, अशी तिकिटं सोळा पानं भरतील एवढी आहेत तरी का?"

"बत्तीस भरतील," बाई म्हणाल्या. "मारा शिक्का."

सचिवांनी एकदा सभागृहाच्या दाराकडे पाहिलं, आणि मारला.