दोन मिथेन, तीन ऑक्सिजन

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातला बॉयलर तात्यांनी अठ्ठावीस वर्षं सांभाळला होता. ज्योत नीट जळतेय की नाही, हे ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. पण लायसन्ससाठी लेखी परीक्षा आली आणि तात्यांचं घोडं गॅस जळण्याच्या रासायनिक समीकरणापाशी अडलं. नापास झाले, ते घरात कुणाला बोलले नाहीत. निकालाचं पत्र सापडलं ते सूनबाईला. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"रोज संध्याकाळी अर्धा तास," ती म्हणाली. "आणि माझ्यापुढे लाजायचं नाही."

पहिल्याच दिवशी तात्यांनी मिथेनचे, म्हणजे बॉयलरच्या गॅसचे, चारही हायड्रोजन पाण्याच्या एकाच कणात कोंबले.

"अहो, हे पाणी कुठं राहिलं?" ती हसली. "पदार्थाला हात लावायचा नाही. त्याची संख्या वाढवायची."

"म्हणजे नटाचं माप तेच, नट जास्त घ्यायचे."

"अगदी!"

मग एका मिथेनला दोन ऑक्सिजन, हे बसलं.

चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "हवा कमी पडली तर? मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग."

बरीच खाडाखोड करून तात्यांनी लिहिलं: दोन मिथेन, तीन ऑक्सिजन, दोन मोनॉक्साइड, चार पाणी. बरोबर होतं. पण ते पेन्सिल धरून तसेच बसून राहिले.

"वास नसतो म्हणालीस?"

"अजिबात नाही. का हो?"

मग तात्यांनी सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांचा कामावरचा जोडीदार बॉयलरच्या खोलीत मरून पडला होता. कडाक्याची थंडी, म्हणून त्यानं झरोक्यात पोती कोंबली होती. आदल्याच दिवशी गॅसच्या नळीचा जोड तात्यांनी आवळला होता. 'गॅसनं गेला' एवढंच लोक म्हणाले, आणि तात्यांनी ते स्वतःच्या माथी घेतलं.

"दार मीच उघडलं, पोरी. गॅसचा वास नव्हता. तरी मला वाटायचं, माझाच जोड सुटला."

"सुटला असता तर गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला वास खोलीभर पसरला असता, तात्या." तिनं वहीवर बोट ठेवलं. "दोन मिथेनला चार ऑक्सिजन लागतात. इथं तीनच आहेत. झरोका बंद होता ना?"

"म्हणजे त्यानं स्वतःच..."

"त्यांना थंडी वाजत होती हो. त्यांना तरी कुठं माहीत होतं!"

तात्यांना हुंदका आवरेना. सूनबाई शेजारी येऊन बसली.

परीक्षेत ते काठावर का होईना, पास झाले. पण त्याच्याही आधी, पुढच्याच रविवारी, ते जोडीदाराच्या बायकोकडे गेले. इतकी वर्षं ती समोरून येताना दिसली की ते रस्ता बदलायचे. दारातच त्यांनी सगळं सांगून टाकलं, जोडाचं, झरोक्याचं, वासाचं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मी तुम्हाला कधी बोल लावला होता का, भाऊजी?"

"नाही, वहिनी."

"मग आलात का नाही?"

तिनं खुर्ची पुढे ओढली. "बसा आता. आणि ते परत सांगा. सावकाश. मला नीट समजून घ्यायचंय."